हात एक घर सरकला

माझी आत्या टायपिंगच्या परीक्षेत नापास झाली ती माझ्यामुळे. हे मी आजवर कोणालाही सांगितलेलं नाही. बायकोला नाही, आत्याला नाही, आत्याच्या यजमानांना तर नाहीच नाही. नातेवाइकांत माझी ख्याती 'कमी बोलणारा, गंभीर' अशी आहे. लग्नकार्यात कोणी ना कोणी माझ्याकडे बोट दाखवून आपल्या मुलाला सांगतं, बघ, शिक काहीतरी. खरं म्हणजे गंभीर वगैरे मी काही नाही. फार बोलायला लागलो तर एखाद्या दिवशी हेच तोंडातून निघेल, या भीतीनं मी निम्मं आयुष्य नुसती मान डोलावत काढलं आहे.

आणि एवढं सगळं कशापायी, तर एका खेळापायी. कॉम्प्युटरवरच्या. तोही अशा कॉम्प्युटरवर, जो खेळासाठी सोडाच, इंग्रजीसाठीसुद्धा आणलेला नव्हता.

नव्या आर्थिक धोरणाची ती वर्षं. दिल्लीत आर. के. पुरमच्या सरकारी वसाहतीत गच्चीगच्चीवरून केबलच्या तारा लोंबायला लागल्या होत्या, कोपऱ्यावरच्या दुकानात थंड पेयांची नवी नावं आली होती, आणि बसस्टॉपवर उभा असलेला प्रत्येक सरकारी नोकर कुठल्या ना कुठल्या हाउसिंग सोसायटीचा सभासद झालेला होता. कोणाचा फ्लॅट यमुनापार होणार होता, कोणाचा नोएडात, कोणाचा गुडगावच्या मोहरीच्या शेतात. होणार होता, एवढंच. तोवर सगळे आपापल्या दोन खोल्यांच्या क्वार्टरमध्ये कूलरला पाणी घालत बसले होते.

अशाच एका क्वार्टरमध्ये आत्या राहायची. ती माझ्या वडिलांची चुलत बहीण, आणि पायी दहा मिनिटांवर असलेल्या एका केंद्रीय कार्यालयात हिंदीची टायपिस्ट. मी सोलापूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावातून आयएएस व्हायला दिल्लीत आलो आणि तिच्याकडे राहिलो. प्लायवूड ठोकून बंद केलेली बाल्कनी ही माझी खोली. तिथे एक खाट, एक टेबल आणि अकरा किलो गाईडं मावायची. मी त्या सगळ्याच्या उरलेल्या फटीत मावायचो.

घरात तिसरी व्यक्ती म्हणजे आत्याची नऊ वर्षांची मुलगी. तिचं मराठी दिल्लीचं होतं. "दादा, तुझी चप्पल इथे का काढून ठेवली, मला ठोकर लागली ना" असं बोलायची. चौथी व्यक्ती, म्हणजे आत्याचे यजमान, घरात नव्हते. दोन वर्षांपूर्वी त्यांची बदली पुण्याला झाली होती. ते तिथे डबा लावून एका खोलीत राहायचे आणि दर रविवारी सकाळी एसटीडी बूथवरून फोन यायचा. फोनवर पहिलं वाक्य ठरलेलं असायचं: "काही कळलं का?"

कळायचं ते हे. आत्याच्या कार्यालयाची पुण्याला शाखा होती. तिथे एक जागा रिकामी होती, पण ती वरच्या श्रेणीची. वरच्या श्रेणीत जायला खात्याची टायपिंगची परीक्षा पास व्हावी लागे. पास झाली की बढती, बढती झाली की पुणे. साधा हिशोब. आणि आत्याला टायपिंगच्या परीक्षेत पाडणं म्हणजे माशाला पोहण्यात पाडण्यासारखं होतं.

अठरा वर्षं ती हिंदी टाइपरायटरवर बसलेली. भाजी निवडताना तिची बोटं परातीच्या काठावर वाजत असायची. एकदा मी विचारलं, "आत्या, काय वाजवतेस?" तर म्हणाली, "वाजवत नाहीये रे, 'उपर्युक्त विषय के संदर्भ में' चाललंय." तिचा एक मंत्र होता. "नजर कागदावर, हात घरावर." मधल्या ओळीतल्या ज्या कळांवर बोटं टेकवून सुरुवात करायची, त्यांना ती घर म्हणायची. एकदा हात घरावर बसले की मशीनकडे बघायचं नाही. "मशीनकडे बघणारा टायपिस्ट म्हणजे पायांकडे बघत चालणारा माणूस. तो खांबावर आपटणारच." आणि टायपिस्टचा सगळ्यात लाजिरवाणा अपघात कुठला, तर सुरुवातीलाच हात एक घर सरकणं. मग पुढचं सगळं बिनचूक टाइप झालं तरी कागदावर नुसता कचरा. "ते शिकाऊ पोरींचं होतं," ती म्हणायची. "पहिल्या महिन्यात."

त्याच सुमारास तिच्या सेक्शनमध्ये कॉम्प्युटर आला. त्याच्यासाठी वेगळी खोली, खोलीला एसी, दाराला पडदा, आणि दाराबाहेर चपला काढायच्या. साहेब बूट काढायचे, मग बाकीच्यांची काय बिशाद. आत पावडर-निळ्या कव्हराखाली तो देव झाकलेला. त्याचा पडदा काळा, अक्षरं हिरवी. त्याच्या पोटात देवनागरीचं एक वेगळं कार्ड बसवलेलं होतं, कारण त्याचं काम एकच: हिंदी पत्रव्यवहार.

परीक्षेच्या अर्जात त्या वर्षी पहिल्यांदाच एक रकाना आला. परीक्षा कशावर देणार, टाइपरायटर की कॉम्प्युटर? आत्यानं अर्ज माझ्यापुढे ठेवला. मी गावाकडे सहा महिन्यांचा कॉम्प्युटरचा कोर्स केलेला होता, म्हणजे घरातला तज्ज्ञ मीच.

"तू सांग बाबा. माझं मन मशीनकडे ओढतंय. माझं जुनं मशीन मला ओळखतं."

"कॉम्प्युटरच टाक आत्या," मी म्हणालो. "कळा हलक्या आहेत, स्पीड वाढेल. शिवाय पुढे सगळं त्याच्यावरच होणारे."

"बिल्कुल?"

"बिल्कुल."

सल्ला चुकीचा नव्हता. कळा खरंच हलक्या होत्या. पण मी तो दिला तो कळांसाठी नाही. कॉम्प्युटरवर परीक्षा देणाऱ्याला शनिवारी, सुट्टीच्या दिवशी, कार्यालयात सरावाची परवानगी मिळणार होती, आणि आत्यानं आधीच साहेबांना विचारून ठेवलं होतं की शिकवायला भाच्याला आणलं तर चालेल का. त्या आठवड्यात लातूरच्या एका मित्रानं मला एक फ्लॉपी दिली होती. तोही बेर सरायमध्ये राहून माझ्यासारखाच आयएएस होत होता. फ्लॉपीवर एक खेळ होता. मी ती भारतीय राज्यघटनेच्या गाईडात, मूलभूत कर्तव्यांच्या पानात ठेवली होती. दिल्लीत माझ्या ओळखीचा एकच कॉम्प्युटर होता आणि तो हिंदीत होता. अर्जातल्या त्या रकान्यात मी आत्याकडून बरोबरची खूण करवून घेतली ती अशी.

शनिवारचा क्रम ठरून गेला. दहा वाजता आम्ही दोघं चालत जायचो. चौकीदार गढवालचा, वयस्कर, आत्याला म्हणायचा, "मैडम, छुट्टी में भी? सरकार आपको मेडल देगी." आत्या म्हणायची, "मेडल रहने दो भैया, पूना दे दो." मग चपला बाहेर, आम्ही आत. तास-दीड तास ती टाइप करायची. मी घड्याळ लावायचो. तिला शिकवण्यासारखं माझ्याकडे काहीच नव्हतं; मशीन चालू कसं करायचं आणि छापायचं कसं, एवढं एका शनिवारी संपलं. कळफलकाचं म्हणाल तर कार्डाचा स्वतःचा एक नवाच कळफलक होता, स्वर डावीकडे, व्यंजनं उजवीकडे. पण जुन्या टायपिस्टांसाठी त्यात टाइपरायटरचा कळफलक चढवायची सोय होती. मशीन सुरू होताना एक छोटी यादी वाचतं, त्या यादीत एक ओळ होती, ती ओळ हे काम करायची. आत्याची बोटं जिथे जायची तिथेच जात राहिली. तिला फरक पडला तो फक्त आवाजाचा. "खटखट नाही रे येत. उकडलेल्या वाटाण्यांवर टाइप केल्यासारखं वाटतं."

मग ती भाजी आणायला सेक्टरच्या बाजारात जायची. "तू बस एसीत. तासाभरात येते. मशीन नीट बंद कर हं." आणि मी मूलभूत कर्तव्यं उघडायचो.

खेळ साधाच. भुयारातल्या खोल्यांतून हिंडायचं, खजिना उचलायचा, राक्षस मारायचे, खाली खाली जायचं. चित्रं नव्हतीच, सगळं अक्षरांनी आणि चिन्हांनी काढलेलं. नायक म्हणजे एक बोटभर सुद्धा नाही एवढा हसरा चेहरा. राक्षस म्हणजे इंग्रजी कॅपिटल अक्षरं. खोल्यांच्या भिंती मात्र दुहेरी रेघांच्या, कोपरे नीट जुळवलेले. म्हणजे असायला हव्या होत्या. पण या मशीनला रेघा माहीतच नव्हत्या. रेघांच्या जागांवर त्या कार्डानं देवनागरी बसवली होती. खेळ म्हणायचा, इथे आडवी भिंत काढ. मशीन काढायचं: य. उभी भिंत? ज. मी पहिल्यांदा खेळ सुरू केला तेव्हा पडद्यावर उमटलं ते असं: फ य य य य य य झ. खाली दोन्ही बाजूंना ज, ज, ज. आणि सगळ्यात खाली: प य य य य य य ञ. त्या 'फ'पासून 'ञ'पर्यंतच्या खोलीच्या मधोमध माझा नायक हसत उभा. एका खोलीतून दुसरीकडे जायचा बोळ म्हणजे औ औ औ औ औ. नायक त्या औ-औ मधून पळायचा आणि मागे इंग्रजी झेड लागायचा.

मी इतका हसलो की चौकीदार दाराच्या पडद्याआडून डोकावून गेला.

गंमत म्हणजे दोन-तीन शनिवारांत ते विचित्र वाटेनासं झालं. य दिसला की भिंत, हे डोळ्यांना पाठ झालं. बेर सरायच्या मित्राकडे एकदा तोच खेळ नीट रेघांच्या भिंतींसह बघितला, तर मला तो फिका वाटला. पत्रिकेच्या कुंडलीसारखा. एका शनिवारी आत्याची मुलगी बरोबर आली होती. तिनं माझ्या खांद्यावरून बघत मोठ्यांदा वाचलं, "फ-य्य्य्य्य-झ. दादा, ये कौनसे देश का नाव आहे?" आणि मग बराच काळ त्या देशाला आम्ही दोघं फय्यझ म्हणायचो. कुठे गेला होतास? फय्यझला. मुलगी आईला सांगणार नाही याची मी नारिंगी गोळ्या देऊन तजवीज केली. तिनं कधीच सांगितलं नाही. आमच्या घराण्यात पोटात ठेवण्याची कला आहेच.

अडचण एकच होती: जागा. मशीनची आठवण, म्हणजे मेमरी, तुटपुंजी. देवनागरीचं कार्ड, त्यावर टाइपरायटरचा कळफलक, आणि त्यावर माझा खेळ, एवढं तिच्यात बसेना. खेळ सुरू व्हायचा आणि तिसऱ्या खोलीत गोठायचा. मग मी उपाय काढला. आत्या बाजारात गेली की सुरुवातीच्या यादीतली ती कळफलकाची ओळ पुसायची, मशीन बंद करून पुन्हा चालू करायचं, आणि खेळायचं. निघायच्या आधी ओळ पुन्हा लिहायची. मला त्या उपायाचा फार अभिमान होता. दुसऱ्यासाठी बांधलेल्या घरात आपण आपली खाट बसवली, असा. बाल्कनीत राहणाऱ्या माणसाला अशा अभिमानाची गरज असते.

परीक्षा सोमवारी होती. आदल्या शनिवारी आत्यानं तीन वेळा दहा-दहा मिनिटांचा सराव केला. तीनही कागद मी तपासले. हव्या होत्या त्यापेक्षा खूप जास्त शब्द, चुका नगण्य. तिनं कागदांची घडी करून पर्समध्ये ठेवली आणि म्हणाली, "आता पुण्याच्या शाळेत पोरीच्या ॲडमिशनचं बघायला सांगते यजमानांना. आणि पास झाले की तुम्हाला दोघांना कोपर्निकस मार्गावर घेऊन जाते, आपल्या महाराष्ट्राच्या गेस्टहाउसच्या कॅन्टीनमध्ये. थालीपीठ." मग ती बाजारात गेली.

मी ओळ पुसली. त्या दिवशी मी फार खाली गेलो, आधी कधीच गेलो नव्हतो इतका. नायक जखमी, दार समोर, मागे दोन राक्षस. आणि चौकीदार आत आला. "भैया, आज जल्दी बंद करना है, बिजली का काम है." मी म्हणालो, दोन मिनिटं. तो म्हणाला, "दो मिनट बिजली वालों को बोलो," आणि दिवा गेला. एसी गेला. माझा नायक गेला. मी फ्लॉपी काढली, कव्हर घातलं, चपला घातल्या. पायऱ्यांवर आत्या भेटली, हातात भेंडी. रस्ताभर मी त्या दोन राक्षसांचा विचार करत होतो.

ओळ लिहायची राहिली.

सोमवारी मी तिथे नव्हतो. जे झालं ते आत्यानं सांगितलं, त्या संध्याकाळी, चहा करता करता, पाठमोरी. बाकीचे सगळे उमेदवार पलीकडच्या खोलीत टाइपरायटरवर होते. कॉम्प्युटर निवडलेली ती एकटीच. परीक्षक बाहेरच्या कार्यालयातले, हातात स्टॉपवॉच, दाराशी खुर्ची टाकून बसलेले. मशीन तिनं स्वतः चालू केलं, मी शिकवलं होतं तसं. हिंदी चालू केली. हात घरावर ठेवले. परीक्षक म्हणाले, "शुरू." आणि ती दहा मिनिटं कागदावरून नजर न हलवता टाइप करत राहिली.

"छान चाललं होतं रे," ती म्हणाली. "एकदाही अडखळले नाही. 'बस' म्हणाले तेव्हा मान वर केली. तर पडद्यावर काय, देवाला माहीत. एक शब्द धड नाही. डोक्यावर काने, वेलांट्या मोकळ्या फिरतायत." तिनं साखर घातली. "हात एक घर सरकला असणार. सुरुवातीलाच. अठरा वर्षांत नाही झालं ते आज झालं."

मी बाल्कनीच्या दारात उभा होतो. 'असणार' हा शब्द मला ऐकू आला. तिथे एक फट होती. मी बोललो असतो तर तिथून आत जाता आलं असतं.

मी म्हणालो, "होतं असं."

दुसऱ्या दिवशी आणखी एक संधी आली, आणि हीच खरी सांगायची गोष्ट आहे. आत्याचे साहेब भले होते. त्यांना पटत नव्हतं. ते म्हणाले, या बाईचं असं होणार नाही, मशीनमध्ये काही गडबड नाही ना ते बघा, असेल तर मी लिहून देतो, परीक्षा पुन्हा घेऊ. पण बघणार कोण? सेक्शनमध्ये कॉम्प्युटर कळणारं कोणी नव्हतं. आत्या म्हणाली, माझ्या भाच्याला बोलावते.

मी गेलो. चपला बाहेर काढल्या. मागे साहेब, आत्या आणि आणखी एक बाई उभ्या. मी मशीन चालू केलं, यादी उघडली, आणि जिथे ओळ असायला हवी होती तिथे ती नाही हे बघितलं. मला वाटतं मी तीन-चार सेकंद थांबलो. त्या सेकंदांत माझ्या डोक्यात जे आलं ते असं: खरं सांगितलं तर सरकारी मशीनवर बाहेरचा मुलगा खेळत होता हे उघड होईल, आत्यालाच मेमो मिळेल, तिचं आणखी नुकसान होईल. हे सगळं खरं होतं. आणि यातलं एकही कारण माझं नव्हतं. माझं कारण एवढंच की साहेब माझ्याकडे आदरानं बघत होते.

मी ओळ पुन्हा लिहिली. त्यांना वाटलं तपासतोय. मशीन बंद केलं, चालू केलं, आत्याला म्हणालो, "टाइप कर बघू." तिनं टाइप केलं. 'उपर्युक्त विषय के संदर्भ में.' स्वच्छ, सुंदर उमटलं.

साहेबांनी विचारलं, "तो फिर, मशीन?"

मी म्हणालो, "मशीन ठीक है, सर."

आत्यानं माझ्या पाठीवर हात ठेवला. "बरं झालं बाबा, शंका फिटली."

बाहेर पडताना ती त्या दुसऱ्या बाईंना म्हणाली, "मेरा तो पानीपत हो गया." त्या बाई करनालच्या होत्या. त्या उत्साहानं म्हणाल्या, "अच्छा? कब गई थीं? बतातीं तो मैं भी दो कंबल मँगवा लेती!" आत्या क्षणभर त्यांच्याकडे बघत राहिली आणि मग खदखदून हसायला लागली. जिन्यात बसून हसली. आपल्याकडे जे हरण्याचं दुसरं नाव, ते इथे कंबलांचं दुकान. पुढे कित्येक वर्षं घरात काही बिनसलं, दूध नासलं, बस चुकली, की आत्या म्हणायची, "घ्या, दोन कंबल."

रविवारी ती आम्हाला कोपर्निकस मार्गावर घेऊन गेलीच. मी म्हणालो, आत्या, राहू दे. ती म्हणाली, "पास झाल्यावर यायचं ठरलं होतं, म्हणून नापासांना बंदी आहे का? खा." थालीपीठ आलं. लोण्याचा गोळा वर. मुलीनं विचारलं, "मम्मी, तर मग पुण्याला नाही जायचं?" आत्या म्हणाली, "जायचं ना. पुणे कुठे पळून जातंय." मग माझ्याकडे वळून, "आणि तू तोंड पाडून बसू नकोस. एवढे शनिवार घालवलेस माझ्यासाठी. तुझ्या अभ्यासाचं नुकसान केलं मी." मला ठसका लागला. पाणी आणा, पाणी आणा, झालं.

परीक्षकांनी तिचा उतारा दोनदा छापला होता; त्यातला एक कागद आत्यानं मला फेकून द्यायला दिला होता. दोन्ही कडांना भोकांच्या पट्ट्या असलेला. मी फेकला नाही. एका दुपारी लायब्ररीत तो घेऊन बसलो. माझ्याकडे दोन तक्ते होते: टाइपरायटरच्या कळफलकाचा आणि कार्डाच्या नव्या कळफलकाचा. कचऱ्यातलं एकेक अक्षर घ्यायचं, ते नव्या कळफलकावर कुठल्या कळेवर आहे बघायचं, आणि त्याच कळेवर जुन्यात काय आहे ते लिहायचं. य म्हणजे भिंत, हे वाचायला शिकलेल्या माणसाला हे अवघड नव्हतं. दीड तासात सगळा उतारा माझ्या वहीत उभा राहिला. फळबागांच्या लागवडीवर होता.

आत्याचा हात घरावरच होता. पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत. पूर्ण उताऱ्यात दोन चुका होत्या. एका ठिकाणी 'पहले' हवं होतं, तिथे 'पहिले'. आणि एका ठिकाणी 'फल' हवं होतं, तिथे 'फळ'. अठरा वर्षं हिंदी टाइप करून बोटं दोनदाच मराठीत घसरली होती. दोन चुकांवर कोणी नापास होत नाही.

डोळे पुसत मी वही मिटली. लायब्ररीत समोर बसलेल्या मुलाला वाटलं असेल, याला मुलाखतीचं बोलावणं आलं.

पुण्याची ती जागा दुसऱ्या कोणाला मिळाली. पुढची परीक्षा तीन वर्षांनी निघणार होती, ती साडेतीन वर्षांनी निघाली, आणि तोवर आत्यानं थांबायचं सोडून दिलं होतं. बढतीशिवाय, स्वतःच्या विनंतीवरून बदली मागितली. अशा बदलीत ज्येष्ठता जाते. नव्या कार्यालयात सगळ्यांच्या शेवटी नाव लागतं. ती त्याच श्रेणीत निवृत्त झाली. त्या दोघी पुण्याला गेल्या तेव्हा मुलगी तेरा वर्षांची झाली होती. स्टेशनवर वडील घ्यायला आले तर ती त्यांना म्हणाली, "आप बैठिए ना, सामान मैं उठा लूँगी." आत्यानं हा किस्सा मला फोनवर हसत हसत सांगितला. मी पण हसलो. यजमान हसले की नाही ते मी विचारलं नाही.

मी आयएएस झालो नाही. ते बहुतेकांचं होतं. मला नोएडातल्या एका नव्या कंपनीत नोकरी लागली. काम काय? एका मशीनसाठी लिहिलेला प्रोग्रॅम दुसऱ्या मशीनवर चालवून दाखवायचा. मुलाखतीत विचारलं, असं काही केलंय का पूर्वी? मी त्यांना भिंतींच्या य आणि ज बद्दल सांगितलं, बोळातल्या औ बद्दल सांगितलं, आठवण पुरत नव्हती म्हणून कुठली ओळ पुसायचो तेही सांगितलं. मुलाखत घेणारे तिघंही पोट धरून हसले. एकानं विचारलं, "और जिनका कंप्यूटर था, उनको पता नहीं चला?" मी म्हणालो, "नहीं सर." जागेवर नोकरी. त्या नोकरीवर मी पुढे फ्लॅट घेतला, यमुनापार, अठराव्या मजल्यावर. बाल्कनी उघडी ठेवली आहे. बायको म्हणते, सगळ्यांनी काचा लावून घेतल्या, आपण का नाही? मी म्हणतो, हवा येते.

आत्या आता सत्तरीच्या पुढे आहे, पुण्यात, यजमानांबरोबर. मोबाइलवर रंगीत गोट्या फोडायचा खेळ खेळते आणि त्यात तिनं कितवी तरी पायरी गाठली आहे, माझ्या मुलीला हेवा वाटेल अशी. कुटुंबाच्या ग्रुपवर ती एका बोटानं मराठी लिहिते. चुकलं की खाली लगेच दुसरा मेसेज: "हात एक घर सरकला." तिच्या त्या फजितीचा किस्सा आता सगळ्यांना पाठ आहे, ती स्वतःच रंगवून सांगते. त्यामुळे ग्रुपवर कोणाचंही काही चुकलं, कोणी भलत्याच माणसाला वाढदिवसाच्या शुभेच्छा दिल्या, की दहा जण लिहितात, हात एक घर सरकला. शेवटी हसरे चेहरे. मीही एक टाकतो. तो पिवळा असतो, तेव्हाचा हिरवा होता, एवढाच फरक.

गेल्या महिन्यात तिनं मला एकट्यालाच मेसेज केला. "तुला आठवतं का रे, ते शनिवार? किती मन लावून शिकवायचास. मीच कमी पडले." मी उत्तर लिहायला घेतलं, पुसलं, पुन्हा घेतलं. शेवटी लिहिलं, "कमी कुठे, आत्या." आणि पाठवलं. हे उत्तर खरं होतं आणि तिला ती नुसती समजूत वाटली. खाली तिनं हात जोडलेले पाठवले.

भोकांच्या पट्ट्यांचा तो कागद आणि वहीतलं ते पान माझ्याकडे आहे, चार भाड्याची घरं बदलूनही. फळबागांचा उतारा, दोन चुका लाल शाईत गोल केलेल्या. दिवाळीला आम्ही पुण्याला जाणार आहोत. मागच्या सहा दिवाळ्यांनाही गेलो होतो आणि दर वेळी ते पान बॅगेत होतं.

आत्याला मी तीन वाक्यं देणं लागतो. मशीन ठीक नव्हतं. ते मी बिघडवलं होतं. तुझा हात घरावरच होता.